नवे तंत्रज्ञान विषमता वाढवते की कमी करते? कोकण किनाऱ्याच्या संदर्भात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात हा विषय सहसा व्याख्यानातून निघत नाही. तो जेटीवरच्या लिलावात, रेशन दुकानाच्या रांगेत किंवा गणपतीच्या तिकिटावरून निघतो, आणि मग प्रत्येक जण आपापल्या अनुभवावरून तंत्रज्ञानाला डोक्यावर घेतो किंवा दोष देतो. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तो मामला तेवढा गुंतागुंतीचा आहे.

एका वाक्यात उत्तर देता येईल का? वाढवते की कमी करते?

जे साधन स्वस्त आहे, सुटे सुटे विकत घेता येते आणि ज्याच्या वापराने शेजाऱ्याचे काही कमी होत नाही, ते सहसा दरी कमी करते. जे साधन घेण्यासाठी मोठे भांडवल लागते आणि जे सर्वांच्या सामाईक साठ्यावर चालते, ते नियम वेळेवर आले नाहीत तर दरी वाढवते. हे एका वाक्यात झाले खरे, पण तिसरा प्रकारही लक्षात ठेवावा लागतो: हक्काची वस्तू मिळवण्याच्या वाटेवर जे साधन सक्तीचे केले जाते, ते ज्याला वापरता येत नाही त्याला थेट बाहेर ठेवते. पुढील बहुतेक उदाहरणे या तीनपैकी कुठल्या ना कुठल्या प्रकारात बसतात.

विषमता म्हणजे केवळ उत्पन्नातला फरक का?

नाही. उत्पन्न, मालमत्ता आणि संधी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्ल्ड इनिक्वॅलिटी लॅबच्या २०२४ मधील अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये भारतातील वरच्या १ टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के, तर संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. मालमत्तेतली दरी उत्पन्नातल्या दरीपेक्षा बरीच खोल आहे, हे या दोन आकड्यांवरूनच दिसते. यंत्र ही मालमत्ता असल्यामुळे ते कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्याने उत्पादन किती वाढवले या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. कोकणात याला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे परावलंबन. हातात दोन पैसे जास्त आले तरी माल कोणाला विकायचा हे स्वतः ठरवता येत नसेल, तर विषमता कमी झाली असे म्हणणे अवघड आहे.

मासेमारीत यंत्रे आल्याने कोणाचे भले झाले?

याचे उत्तर देण्याआधी यंत्रापूर्वीची वाटणी कशी होती ते पाहिले पाहिजे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, विशेषतः मालवण परिसरात, रापण ही जुनी पद्धत आहे. लांबलचक जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घालते, दुसरे टोक थोड्या अंतरावर किनाऱ्याला आणते आणि मग दोन्ही बाजूंनी माणसे रापण ओढतात. मासळी विकल्यावर खर्च वजा होतो, जाळ्याचा आणि होडीचा वाटा बाजूला निघतो आणि उरलेल्या पैशांचे ओढणाऱ्यांमध्ये वाटे पडतात. म्हाताऱ्या माणसाचा हात दोराला लागला तरी त्याच्या टोपलीत मासळी पडते. ही व्यवस्था आदर्श होती असे मुळीच नाही. तिच्यातही मानपान होते, मासळी लागली नाही की सगळेच उपाशी राहत, आणि स्त्रियांकडे ओढण्यापेक्षा विकण्याचेच काम अधिक होते. पण समुद्राने जे दिले ते अनेक घरांत जाईल, एवढी तजवीज तिच्या रचनेतच होती.

ट्रॉलर, म्हणजे मागे जाळे ओढत नेणारी यांत्रिक नौका, आणि त्यानंतर पर्ससीन आल्यावर ही रचना बदलली. पर्ससीनचे जाळे मासळीच्या थव्याभोवती गोल टाकतात आणि बटव्याचे तोंड नाडीने आवळावे तसे खालून आवळून घेतात, त्यामुळे बांगडा किंवा तारलीचा अख्खा थवा एका खेपेत नौकेवर येतो. नौका, जाळे, इंजिन, थवा शोधणारा फिश फाइंडर आणि जीपीएस यांसाठी लागणारे भांडवल मूठभर कुटुंबांनाच उभे करता येते. खलाशी अनेकदा नेपाळ किंवा कर्नाटकातून हंगामापुरते येतात आणि वाट्याऐवजी ठरलेला पगार घेतात. पूर्वी जे वाटे एका गावात पडत होते, त्यातला मोठा भाग आता मालकाकडे जातो. उरलेल्यातला काही पगाररूपाने दूरच्या गावी जातो, आणि किनाऱ्यावरच्या रापणकराला काही न देताच थवा निघून गेलेला असतो. एकूण मासळी वाढली म्हणून बंदराची भरभराट झाली असे सांगणारे खोटे बोलत नाहीत, पण ते सरासरीबद्दल बोलत असतात.

मग पारंपरिक मच्छीमारांनीही आधुनिक व्हावे. त्यांना कोणी अडवले आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगला असतो. अडचण अशी की थवा एकच असतो. दहा जणांकडे मोठी जाळी असताना अकराव्याने कर्ज काढून तेच जाळे घेतले, तर मासळी तेवढ्याने वाढत नाही. प्रत्येकाचे डिझेल मात्र वाढते, कारण मासे शोधायला आणखी दूर जावे लागते. शेतीत पंप घेणाऱ्याच्या विहिरीलाही हाच न्याय लागू होतो.

याचा जुना दाखला केरळात आहे. १९५३ मध्ये कोल्लमजवळच्या नींडकरा येथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला, तो लहान मच्छीमारांचे राहणीमान सुधारण्यासाठी. पुढे कोळंबीच्या निर्यातीला सोन्याचा भाव आला, यांत्रिक नौकांमध्ये मच्छीमार समाजाबाहेरचे भांडवल शिरले आणि ज्यांच्यासाठी यंत्र आणले होते तेच बहुसंख्य लोक यंत्राविरुद्ध रस्त्यावर आले. १९८८ पासून केरळने पावसाळ्यातील ट्रॉलिंगवर बंदी घातली, तिच्यामागे या संघर्षाचा मोठा हात होता.

अनुदानाचाही विचार करावा लागतो. यांत्रिक नौकांना डिझेलवरील कराचा परतावा मिळतो, म्हणजे जो अधिक डिझेल जाळतो त्याला सरकारी मदत अधिक मिळते. इंजिन नसलेल्या रापणीच्या होडीला त्यातून काय मिळणार? परतावा बंद करावा असे माझे म्हणणे नाही, कारण लहान इंजिनवाल्यांचेही त्यावर पोट आहे. पण त्याला नौकेच्या आकाराप्रमाणे कमाल मर्यादा असणे रास्त ठरेल.

एलईडी मासेमारीवरून एवढा वाद का आहे?

एकच शोध घरात आणि समुद्रात किती वेगळे परिणाम घडवतो, हे पाहायचे तर एलईडीइतके चांगले उदाहरण मिळणार नाही. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. २०१५ पासून केंद्राच्या उजाला योजनेत एलईडी दिवे स्वस्तात घरोघरी पोहोचले आणि खेड्यातल्या साध्या घराचे वीजबिल कमी झाले. तेथे दरी कमी करणारे तंत्रज्ञान ते हेच. समुद्रात मात्र जनरेटर बसवलेल्या नौकेवरून रात्री प्रखर दिवे लावले जातात, आजूबाजूची मासळी लहानमोठी सगळी उजेडाकडे येते आणि जाळे तिला घेरून टाकते. ज्याच्याकडे जनरेटर नाही त्याच्या जाळ्याकडे येणारी मासळीच उजेड असलेल्याकडे वळते. घरातल्या दिव्याने शेजाऱ्याच्या घरात अंधार होत नाही, समुद्रातल्या दिव्याने होतो.

यासाठी कायदे आहेत ना?

आहेत, आणि कमी नाहीत. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालाच्या आधारे राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध आणले. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेले.

तारखा नीट पाहाव्यात. प्रत्येक वेळी यंत्र आधी आले, त्यात लोकांचे पैसे अडकले, कर्जे झाली आणि नियम काही वर्षांनी मागून आला. तोवर ज्यांनी गुंतवणूक केली त्यांचा आवाज मोठा झालेला असतो, आणि त्यांचेही म्हणणे अगदीच चुकीचे नसते: बँकेने कर्ज देताना कोणी अडवले नाही. शिवाय राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत आणि पुढे केंद्राची, त्यामुळे पकडलेली नौका मासे नेमके कुठे मारत होती यावर वाद घालायला जागा राहते. जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू केली आहे. नियम पाळून घेण्यासाठीही तंत्रज्ञान वापरता येते, हे यातून दिसते. अर्थात ड्रोनने काढलेल्या चित्रावरून पुढे दंड वसूल झाला तरच.

मोबाइलमुळे मच्छीमारांचा फायदा झाला, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि हे नुसते सांगोवांगी नाही. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. त्यापूर्वी एका बंदरावर तारली फेकून द्यावी लागे आणि त्याच सकाळी थोड्याच अंतरावरच्या बंदरावर ती मिळत नसे. फोन आल्यावर नौका समुद्रातूनच भाव विचारू लागल्या. बंदराबंदरांतील भावांचा फरक झपाट्याने घटला, मासळी वाया जाणे जवळपास थांबले, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. विकणारा आणि घेणारा दोघांचाही लाभ झाला, असे क्वचितच घडते.

यात एक अट गृहीत धरलेली आहे: मच्छीमार आपली मासळी हव्या त्या बंदरात विकायला मोकळा असला पाहिजे. ज्याने जाळ्यासाठी, बर्फासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेतली आहे, त्याला शेजारच्या बंदरात भाव जास्त आहे हे फोनवर कळते आणि तो मासळी नेहमीच्याच व्यापाऱ्याला देतो. माहिती मिळाली, पण तिचा उपयोग करण्याचे स्वातंत्र्य मिळाले नाही. म्हणून माझ्या मते कोकणात भाव सांगणाऱ्या ॲपपेक्षा वेळेवर मिळणारे सहकारी कर्ज विषमता अधिक कमी करील. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती देणाऱ्या संस्थेकडून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याचे अंदाज विनामूल्य मिळतात. तेही सर्वांना सारखेच मिळतात, पण तेथवर जाण्याचे इंजिन सर्वांकडे सारखे नसते.

हापूस थेट ऑनलाइन विकता येत असताना बागायतदार अजून दलालाकडे का जातो?

कारण दलाल केवळ माल विकत नाही, तो पावसाळ्यानंतरच्या फवारण्यांना पैसेही पुरवतो. वाशीच्या बाजारात पेट्या गेल्या की काही दिवसांनी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येते आणि तिच्यात भाडे, हमाली, दलाली व उचल वजा होऊन उरलेली रक्कम हातात पडते. या साखळीतून सुटण्याची वाट फोनने दाखवली, हे मान्य केले पाहिजे. रत्नागिरी, देवगड परिसरातील अनेक तरुण बागायतदार पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना थेट पेट्या पाठवतात. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, पेटीवर क्यूआर कोड आला आणि बाहेरचा आंबा हापूस म्हणून खपवणाऱ्यांना थोडा तरी चाप बसला.

मात्र या वाटेवर सर्वांत आधी तेच चालू लागले, ज्यांच्या बागेपर्यंत गाडी जाते, ज्यांचे नातेवाईक शहरातल्या सोसायट्यांमध्ये राहतात आणि ज्यांना मानांकनाचे कागद भरता येतात. पंधरा-वीस कलमे असलेला माणूस अजूनही झाडे कराराने देऊन मोकळा होतो.

करारावरून कल्टारचा विषय निघतोच. पॅक्लोब्युट्राझॉल हे त्यातले रसायन झाडाची पालवी रोखून मोहोर लवकर आणते, आणि हंगामाच्या सुरुवातीच्या आंब्याला भाव मिळतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने झाडाच्या विस्तारानुसार त्याची मात्रा ठरवून दिलेली आहे. स्वतःचे झाड असणारा ती पाळतो, कारण त्याला हेच कलम मुलाच्या हाती द्यायचे असते. काही वर्षांच्या कराराने बाग घेतलेल्याला ती चिंता नसते. तो मुळाशी भरपूर ओततो, पिके काढतो आणि दमलेले झाड मालकाला परत करतो. नफा एकाचा आणि झीज दुसऱ्याची, अशी वाटणी रसायनाने केलेली नाही, कराराने केली आहे.

काजू कारखान्यातल्या यंत्रांमुळे बायकांचा रोजगार गेला का?

काही ठिकाणी गेला, काही ठिकाणी कामाचे रूप बदलले. हाताने काजू फोडताना टरफलातले तेल कातडी जाळते. राख किंवा तेल चोळून हे काम करणाऱ्या बाईचे तळवे पाहिले तर हे काम असेच टिकावे असे कोणीही म्हणणार नाही. मुद्दा एवढाच की फोडण्याचे यंत्र आल्यावर ते चालवायला बहुधा पुरुष ठेवला जातो, आणि बायकांकडे सोलणे व प्रतवारी ही कमी मोबदल्याची कामे राहतात. यंत्र चालवायला बाईला शिकवणे फारसे अवघड नाही. शिकवायचे असे कोणी ठरवत नाही, इतकेच.

ऑनलाइन सेवांमुळे सरकारी कामात समानता आली, असे म्हणता येईल का?

सातबाऱ्याच्या बाबतीत बऱ्याच अंशी म्हणता येईल. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, त्यासाठी तलाठ्याची वाट पाहावी लागत नाही. मुंबईतल्या चाकरमान्याला गावच्या जमिनीवर कोणते फेरफार झाले हे घरबसल्या कळते, आणि परस्पर होणाऱ्या व्यवहारांना त्यामुळे आळा बसतो.

पण कोकणचा सातबारा म्हणजे सामाईक नावांची लांब यादी. पणजोबांच्या वेळेपासून वारसनोंद न झालेली, खातेदार बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत पांगलेले आणि जमीन प्रत्यक्ष कसणारी बाई यादीत कुठेच नाही, अशी कितीतरी खाती आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हा खातेदाराने शेतात जाऊन मोबाइलवर पिकाचा फोटो नोंदवावा अशी अपेक्षा होती. खातेदार अंधेरीत आणि भात राजापुरात असेल तर ही नोंद कोणी करायची? कागदावरची जुनी विषमता संगणकात गेली, की ती अधिक स्वच्छ अक्षरांत दिसते आणि दुरुस्त करणे अधिक कठीण होते.

रेशनवरचे ई-पॉस यंत्र, म्हणजे आधारला जोडलेल्या बोटाच्या ठशावरून ओळख पटवणारे यंत्र, हे दुसरे उदाहरण. देशातील पहिला आधार क्रमांक २०१० मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. बनावट लाभार्थी रोखण्यासाठी ही ओळख उपयोगी आहे, यात वाद नाही. तथापि ज्या बोटांनी वर्षानुवर्षे काजू सोलले, जाळी ओढली किंवा बर्फातली मासळी निवडली, त्या बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या असतात. अंगठा यंत्रावर ठेवायचा, पुसायचा, पुन्हा ठेवायचा, मग दुसरे बोट लावून पाहायचे, आणि त्यात रेंज गेली की उद्या या असे ऐकायचे. जे जास्त राबले त्यांनाच यंत्र ओळखत नाही, हा दोष किरकोळ समजता येणार नाही. ओटीपी किंवा नोंदवहीसारखा पर्याय नियमात असणे पुरेसे नाही. तो दुकानदाराला माहीत असला पाहिजे आणि मागणाऱ्याला वाद न घालता मिळाला पाहिजे.

गणपतीच्या तिकिटांचे काय? ऑनलाइन आरक्षणाने सर्वांना समान संधी मिळायला हवी होती.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि प्रवासातली मोठी विषमता तिने खरोखर कमी केली. तिकिटाची गोष्ट वेगळी. खिडकीवरच्या रांगेत रात्रभर बसणाऱ्याला निदान आपण कितवे आहोत हे कळत होते. ऑनलाइन रांगेत वेगवान जोडणी आणि बेकायदा सॉफ्टवेअर वापरणारा दलाल पुढे जातो, आणि सकाळी ८ नंतर काही मिनिटांतच प्रतीक्षा यादी सुरू होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली गेली. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधार पडताळणी आवश्यक झाली आणि पहिली ३० मिनिटे अधिकृत एजंटांना मनाई करण्यात आली. गाड्याच अपुऱ्या असतील तर नियमाने जागा वाढत नाहीत, हे खरे. पण आहेत त्या जागा कोणाला मिळतात हे नियमाने बदलते.

शाळेच्या बाबतीत अनुभव काय आहे?

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सुमारे १५ टक्के आणि शहरी भारतातील ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. संगणक तर ग्रामीण भागात ४.४ टक्के घरांतच होता. दोन वर्षांनी, २०२० मध्ये, शिक्षण अचानक ऑनलाइन झाले. सिंधुदुर्गात डोंगरावर रेंज मिळते म्हणून तेथे झोपडी बांधून अभ्यास केल्याच्या बातम्या आल्या आणि त्यांचे कौतुकही झाले. कौतुक मुलांचे व्हायलाच हवे, पण ज्या घरांना झोपडी बांधणे जमले नाही त्यांच्याबद्दल बातमी आली नाही. घरात एकच फोन असेल आणि बहीण-भाऊ दोघे शिकत असतील, तर तो कोणाच्या हातात जातो हे वेगळे सांगायला नको.

पूर्वीचे तंत्रज्ञानही असेच वागले का?

मुंबईच्या कापड गिरण्या हे कोकणाच्या परिचयाचे सर्वांत मोठे यंत्र. पहिल्या गिरणीची स्थापना १८५४ मध्ये झाली आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातील घरे गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरवर चालली. मालक आणि कामगार यांच्यातली दरी प्रचंड होती. तरीही भूमिहीन कुळाच्या मुलाला खोताच्या दारात न जाता रोख पैसा मिळाला, त्यामुळे गावातली जुनी दरी कमी झाली. एकाच यंत्राने मुंबईत एक दरी वाढवली आणि कोकणात दुसरी बुजवली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या उतरणीला लागल्या तेव्हा गिरण्यांच्या जमिनींना मोल आले आणि कामगाराच्या हाती मोजकेच राहिले, कारण यंत्र आणि जमीन दोन्ही त्याच्या नावावर कधीच नव्हती.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कोकणातल्या तरुणांचे काय होईल?

चिपळूण, कणकवली किंवा महाडहून पदवी घेऊन पुण्या-मुंबईत जाणारा तरुण बहुधा बॅक ऑफिस, हिशेब, कॉल सेंटर किंवा नोंदणी अशा कामांत शिरतो. नेमक्या याच पायरीवरची कामे एआय सर्वांत आधी करू लागले आहे; नौकेवरचा खलाशी आणि कलमे बांधणारा माणूस तूर्त त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. शहरात शिरण्याची पहिली पायरीच निसटली, तर अनुभव मिळवून वर चढण्याचा रस्ता बंद होतो, आणि त्याचा फटका ओळखीपाळखी नसलेल्या घरांतील मुलांना अधिक बसतो.

उलट बाजूही आहे. बोलीभाषेत विचारलेला प्रश्न समजून घेऊन पीकविम्याचा अर्ज भरून देणारे साधन फोनवर विनामूल्य मिळाले, तर आज सेवा केंद्रात प्रत्येक कागदामागे पैसे मोजणाऱ्या माणसाची मोठी सोय होईल. त्यासाठी मालवणी, आगरी, कोळी बोलींतले बोलणे त्या यंत्राला कळले पाहिजे, आणि भरलेला अर्ज चुकला तर जबाबदार कोण हे आधीच लिहून ठेवले पाहिजे, कारण आज चुकीच्या अर्जाची भरपाई शेतकऱ्यालाच हंगाम गमावून करावी लागते.